बंदराचा घसारा कोण भरणार?

पूर्वेकडचा असो वा पश्चिमेकडचा, समुद्र लाखनीपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. येथल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी तो चित्रपटातच पाहिलेला असतो. तेव्हा अशा गावी राहून बंदरांच्या टिकाऊपणाविषयी लिहिणे हा काहींना अव्यापारेषु व्यापार वाटण्याचा संभव आहे. परंतु बंदर ज्या किनाऱ्यावर उभे राहते केवळ त्या किनाऱ्याचे ते नसते. ज्या प्रदेशाचा माल त्या बंदरातून जातो आणि ज्या करदात्यांच्या पैशांतून ते बांधले जाते, त्यांचाही त्याच्याशी संबंध असतो. आपल्या भंडारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा संबंध शंभर वर्षांच्या घरात जाणारा आहे.

तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीजच्या खाणी सर्वांना परिचित आहेत. गेल्या शतकाच्या आरंभी नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातील मॅंगनीज जगाच्या बाजारात जाऊ लागले, तेव्हा ते मुंबई किंवा कलकत्त्यापर्यंत रेल्वेने वाहून न्यावे लागे. जड आणि त्या मानाने स्वस्त अशा मालाला एवढी लांब वाहतूक परवडत नाही, हे व्यापाराचे साधे गणित आहे. बंगाल-नागपूर रेल्वेने ते ओळखले. रायपूरहून विजयनगरमकडे जाणारा लोहमार्ग १९३१ मध्ये पुरा झाला आणि १९३३ मध्ये विशाखापट्टणमचे बंदर सुरू झाले. सुमारे पावणेचार कोटी रुपये खर्चून बांधलेल्या या बंदरामागे मध्य प्रांतातील मॅंगनीजला समुद्राकडे नेणारा जवळचा दरवाजा उघडावा हा प्रमुख हेतू होता. आज आपण ज्याला विशाखापट्टणम म्हणतो ते औद्योगिक महानगर काही अंशी आमच्या मातीतून निघालेल्या खनिजाच्या भरवशावर वाढले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

या बंदराची आणखी एक कथा आहे. पूर्व किनाऱ्यावर लाटांच्या तिरप्या माऱ्यामुळे वाळू वर्षानुवर्षे दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. तिच्या वाटेत आडवे काही बांधले की एका बाजूला वाळूचे ढीग साचतात आणि दुसऱ्या बाजूचा किनारा खचू लागतो. मद्रासच्या बंदराने हे अगोदरच दाखवून दिले होते. त्याच्या दक्षिणेस वाळू साठत जाऊन मरीनाचा किनारा रुंदावला आणि उत्तरेस रायपुरमच्या बाजूची जमीन समुद्र खाऊ लागला. विशाखापट्टणमच्या मुखाशी ही वाळू अडविण्यासाठी अभियंत्यांनी दोन जुनी जहाजे मुद्दाम बुडविली, ती दगडांनी भरली आणि त्यांचाच लाटरोधक बांध केला. युक्ती नामी होती, पण वाळू काही थांबली नाही. ती आजही साचते, उपसावी लागते आणि उत्तरेकडच्या किनाऱ्यावर नेऊन टाकावी लागते. म्हणजे बंदर १९३३ साली ‘पूर्ण’ झाले हे खरे असले तरी त्याचा खर्च कधीच पूर्ण झालेला नाही.

हे आता सांगण्याचे कारण वाढवण. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात वाढवण येथे देशातील सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी रुपयांचा आहे. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा त्यात ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे. किनाऱ्यालगत १,४४८ हेक्टर भराव घालून ही भूमी समुद्रातूनच निर्माण करावयाची आहे आणि तिच्या रक्षणासाठी दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध घालावयाचा आहे. वर्षाला २९.८ कोटी टन माल हाताळण्याची क्षमता अपेक्षित आहे.

या बंदरावरून झालेला वाद जुना आहे. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून १९९१ मध्येच जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार तेथे नेमलेल्या प्राधिकरणाचे अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी होते, ज्यांना विदर्भ आपला माणूस मानत आला. त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदरास नकार दिला. पुढे त्याच प्राधिकरणाने, अर्थात बदललेल्या रचनेत, जुलै २०२३ मध्ये अटी घालून परवानगी दिली. मच्छीमारांचे आणि बागायतदारांचे आक्षेप आजही तीव्र आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. परंतु या साऱ्या चर्चेत दोनच प्रश्न ऐकू येतात : बंदर व्हावे की होऊ नये, आणि रोजगार किती मिळणार. ते बांधल्यावर किती वर्षे टिकणार आणि टिकविण्याचा खर्च कोण देणार, हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेख त्या तिसऱ्या प्रश्नापुरता आहे.

अर्थशास्त्राच्या वर्गात घसारा शिकविताना विद्यार्थ्यांची अशी समजूत होते, की ही हिशेबनीसाने कागदावर टाकलेली एक रक्कम आहे. समुद्राकाठी मात्र घसारा डोळ्यांनी दिसतो. ताज्या काँक्रीटचा गुणधर्म तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यामुळे आतील लोखंडी सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. तो शाबूत असेपर्यंत सळई गंजत नाही. समुद्राच्या पाण्यातील क्षार, विशेषतः क्लोराइड, काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत झिरपतात आणि सळईपर्यंत पोहोचले की हा थर फोडतात. मग गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा लागते. ती तो आतून मिळवितो. काँक्रीटला तडे जातात, पापुद्रे सुटतात, आणि त्या तड्यांतून क्षारांना अधिक मोकळी वाट मिळते. एकदा सुरू झाल्यावर या क्रियेचा वेग वाढतच जातो.

यात सामान्य समजुतीस धक्का देणारी गोष्ट अशी, की कायम पाण्याखाली असणारा भाग तुलनेने सुरक्षित असतो, कारण गंजाला लागणारा प्राणवायू तेथे फारसा पोहोचत नाही. सर्वाधिक हानी होते ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि त्याच्या वरच्या, लाटांचे तुषार उडणाऱ्या भागात. तेथे दिवसातून दोनदा काँक्रीट भिजते आणि वाळते. पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. मुंबईच्या उत्तरेस, खंबातच्या आखाताकडे जाऊ लागलो की भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांतील अंतर वाढत जाते. म्हणजे डहाणूच्या समुद्रात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक खांबावर हा धोक्याचा पट्टा कोकणच्या दक्षिण भागातील खांबापेक्षा अधिक उंच असणार. त्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या चार महिन्यांच्या लाटा आल्याच.

ही केवळ ग्रंथांतील भीती नव्हे. पणजी येथे मांडवी नदीवर १९७० मध्ये बांधलेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. ताणून बसविलेल्या पोलादी तारांच्या बळावर उभ्या राहणाऱ्या पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा तो पूल होता आणि खाडीच्या खाऱ्या हवेपाण्याने त्या तारांना ग्रासले होते. ज्या वास्तूकडून दोन-तीन पिढ्यांनी काम घ्यावे ती सोळा वर्षांत गेली आणि पणजीकरांना पुन्हा होड्यांचा आश्रय घ्यावा लागला. मुंबई आणि नवी मुंबई यांना जोडणारा ठाणे खाडीवरचा पहिला पूल सत्तरच्या दशकाच्या आरंभी झाला. त्याच्याही तारांना गंजाने गाठले, अवजड वाहनांवर निर्बंध आले आणि नव्वदच्या दशकात शेजारी दुसरा पूल उभा करावा लागला. अगदी अलीकडचे उदाहरण मालवणचे. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे होण्याआधी, कोसळला. त्याच्या नटबोल्टांना गंज चढल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पत्रात त्यापूर्वीच नमूद झाले होते. पुतळा आणि बंदर यांत साम्य नाही हे मान्य. खारे वारे मात्र वास्तूचा उद्देश विचारून वाहत नाहीत.

त्याच मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे, हे अशा वेळी हमखास सांगितले जाते. १६६४ मध्ये आरंभ होऊन तीन वर्षांत पुऱ्या झालेल्या या दुर्गाच्या पायात शिसे ओतले होते आणि साडेतीन शतके त्याचा तट लाटा झेलीत आहे. मुंबईच्या ससून गोदीला २०२५ मध्ये दीडशे वर्षे झाली आणि तेथे आजही मासळी उतरते. रोमन लोकांनी नेपल्सजवळच्या ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून समुद्रात धक्के बांधले. त्यांतील काही दोन हजार वर्षांनंतरही अभंग आहेत, आणि समुद्राचे पाणी झिरपून त्या राखेत नवी खनिजे तयार होत राहिल्याने तो माल उलट बळकट होत गेला, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

या उदाहरणांवरून ‘पूर्वीचे लोक शहाणे आणि आजचे चोर’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो अर्धवट आहे. एक तर जुन्यांपैकी जे टिकले तेच आपल्याला दिसते. जे वाहून गेले त्याची आठवण कोण ठेवतो? दुसरे असे, की त्या वास्तूंच्या पोटात लोखंड नव्हते. दगड आणि चुना दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. हजारो कंटेनर वाहून नेणारी जहाजे ज्या धक्क्याला लागतात आणि ज्यावर अजस्र याऱ्या फिरतात, तो खोल पाण्यात खांबांवर उभा राहणारा धक्का केवळ दगडाचा बांधता येत नाही. लोखंड घ्यावे लागते आणि लोखंड घेतले की गंजाशी करार करावा लागतो. प्रश्न त्या कराराच्या अटींचा आहे.

आणि या अटी आज पुरेशा ज्ञात आहेत. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील काँक्रीट ‘अतितीव्र’ परिस्थितीत धरले आहे आणि सळईवर किमान ७५ मिलिमीटर जाडीचे काँक्रीटचे आवरण असावे असे सांगितले आहे. घरगुती बांधकामात हेच आवरण २० मिलिमीटरचे चालते. पाणी कमी, सिमेंट पुरेसे, दाबणी नीट आणि त्यानंतर काही दिवस ओलावा टिकविणे, ही पथ्येही गवंड्यापासून अभियंत्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहेत. सिमेंटचा काही भाग कमी करून औष्णिक वीजकेंद्राची राख किंवा पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीची मळी घातली तर काँक्रीटमधील छिद्रे बारीक होतात आणि क्षारांची वाट अडते. रोमनांची राख ज्वालामुखीची होती. आमच्याकडे ती कोराडी, चंद्रपूर आणि तिरोड्याच्या केंद्रांतून डोंगरांनी निघते. झोतभट्टीची मळी हवी असेल तर लाखनीवरून जाणाऱ्या महामार्गाने पूर्वेकडे निघावे, भिलाई लागते. विदर्भाने आजवर ही राख श्वासावाटे पुष्कळ घेतली आहे. ती समुद्रातील खांबांच्या कामी यावी यात औचित्य आहे.

यासाठी लागणारा जादा खर्च मूळ खर्चाच्या मानाने थोडा असतो. डी सिटर या तज्ज्ञाने १९८४ मध्ये मांडलेला ‘पाचाचा नियम’ बांधकामशास्त्रात प्रसिद्ध आहे. आरंभीच्या रचनेत जो एक रुपया वाचविला, त्याच्या जागी गंज सुरू होण्यापूर्वीच्या देखभालीत पाच, गंज सुरू झाल्यावर दुरुस्तीत पंचवीस आणि वास्तू खिळखिळी झाल्यावर पुनर्बांधणीत सव्वाशे रुपये मोजावे लागतात. हे आकडे काटेकोर मापाचे नव्हेत, प्रमाणाची कल्पना देणारे आहेत. तरीही मांडवी पुलाच्या आठवणीने ते फारसे अतिरंजित वाटत नाहीत.

मग जे सर्वांना ठाऊक आहे ते होत का नाही? येथे अभियांत्रिकी संपते आणि आमचे शास्त्र सुरू होते.

पहिले कारण निविदेचे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणे हा सार्वजनिक कामांत प्रामाणिकपणाचा पुरावा मानला गेला आहे. पण ‘कमी दर’ म्हणजे आज बांधण्याचा दर. साठ वर्षे वापरण्याचा नव्हे. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. भविष्यातील खर्चाचे आजचे मूल्य काढताना आपण व्याजदराने त्याची वजावट करतो. दहा टक्के दराने हिशेब केला तर पन्नास वर्षांनी करावयाच्या एक रुपयाच्या दुरुस्तीचे आजचे मूल्य एक पैशाहूनही कमी भरते. चार टक्के दर धरला तर तेच चौदा पैसे होते. म्हणजे दर निवडणारा अधिकारी आपल्या टेबलावर बसूनच आपल्या नातवंडांचे बिल शून्यवत करू शकतो, आणि त्यात बेकायदेशीर असे काहीच नसते. तिसरे कारण अंदाजपत्रकाच्या रचनेचे. अनेक दशके आपण खर्चाचे ‘योजना’ आणि ‘योजनाबाह्य’ असे भाग पाडले. बांधणे हा योजनेचा भाग म्हणून पुण्यकारक, आणि बांधलेले सांभाळणे योजनाबाह्य म्हणून काटकसरीस योग्य, अशी मनोवृत्ती त्यातून रुजली. केंद्रीय अर्थसंकल्पातून हा भेद २०१७-१८ पासून गेला, पण भांडवली खर्च चांगला आणि महसुली खर्च वाईट हे त्याचे नवे रूप शिल्लक आहे. देखभाल महसुली खर्चात मोडते. उद्घाटनाची कोनशिला भांडवली खर्चाला लागते. सळईला रंग दिल्याची कोनशिला कोणी पाहिली आहे?

भंडारा जिल्ह्याच्या वाचकाला हे समजावून देण्यासाठी समुद्राचीही गरज नाही. आपले मालगुजारी तलाव आठवावेत. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले आणि राखलेले हे तलाव मालगुजारी असेपर्यंत कोणाच्या तरी जबाबदारीत होते. पाळ खचली तर कोणी माती घालायची आणि गाळ कोणी काढायचा हे ठरलेले होते. ती व्यवस्था अन्यायमुक्त होती असे नाही, आणि १९५०-५१ मध्ये मालगुजारी रद्द झाली हे योग्यच झाले. परंतु तलावांची मालकी सरकारकडे आली तेव्हा सांभाळण्याची जबाबदारी कोणाची, हे तितक्या स्पष्टपणे कोणाकडेच आले नाही. पुढे ‘माजी मालगुजारी तलाव’ अशी त्यांची सरकारी संज्ञाच रूढ झाली. त्यांतील कित्येक गाळाने भरले. तलाव नादुरुस्त झाला तर एका गावाच्या धानाला पाणी मिळत नाही. लाटरोधक बांध नादुरुस्त झाला तर त्याच्या आडोशाला असलेले सारेच उघडे पडते.

पोर्तुगालमधील सिनेश बंदराचे उदाहरण यासाठी अभ्यासण्यासारखे आहे. तेथील प्रचंड लाटरोधक बांधावर ४२ टन वजनाचे काँक्रीटचे ठोकळे रचले होते. काम संपत आले असताना फेब्रुवारी १९७८ च्या वादळात त्यांतील बहुतांश उद्ध्वस्त झाले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर जे चार पायांचे टेट्रापॉड दिसतात त्यांच्याच जातीचे, पण अधिक सडपातळ असे हे ठोकळे होते. आकार मोठा केला तसा सडपातळपणा त्यांच्या मुळावर आला. लाटांनी हलविताच ते मोडू लागले. प्रयोगशाळेतील लहान प्रतिकृतीत ही मोडतोड दिसत नाही, हा धडा जगभरच्या अभियंत्यांनी त्यातून घेतला. आपल्याकडे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून अशा कामांचा अनुभव राखून आहे. तेव्हा वाढवणच्या बाबतीत ज्ञानाची वाण आहे असे कोणी म्हणणार नाही.

वाण आहे ती जबाबदारीच्या वाटणीची. आजची मोठी बंदरे जमीनदारी पद्धतीने चालतात. भराव, लाटरोधक बांध, जहाजांचा जलमार्ग हे सार्वजनिक संस्थेने करावयाचे, आणि माल चढउताराचे धक्के खाजगी कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या सवलत करारावर द्यावयाचे. धक्का उत्पन्न देतो, म्हणून त्याला मालक मिळतो. बांध स्वतः काहीच कमावत नाही; तो फक्त लाट अडवितो. पाठ्यपुस्तकांत सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपगृह दिलेले असते. त्याचा प्रकाश सर्वांना मिळतो, म्हणून कोणी दाम देणार नाही, असा तो युक्तिवाद. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये दाखवून दिले, की इंग्लंडमधील दीपगृहे प्रत्यक्षात बंदरांत जहाजांकडून गोळा केलेल्या प्रकाशशुल्कावर चालत आली होती. भारतातही १९२७ च्या दीपगृह कायद्याने असे शुल्क बसविले आणि २०२१ च्या नव्या कायद्यानेही ती पद्धत ठेवली. मग जो बांध दीपगृहापेक्षा अधिक प्रत्यक्ष संरक्षण देतो, त्याच्यासाठी प्रत्येक टनामागे ठरावीक शुल्क घेऊन वेगळा, अन्यत्र वळविता न येणारा निधी का उभारू नये? काहीजण म्हणतील, यामुळे बंदर महाग होईल. महाग ते आहेच. प्रश्न एवढाच, की ती किंमत माल पाठविणारा आज देणार की तुमसरचा आणि डहाणूचा करदाता तीस वर्षांनी.

तीस वर्षे हा आकडा सहज लिहिलेला नाही. आपल्या बंदरांतील सवलत करारांची मुदत साधारणतः तेवढीच असते. आणि समुद्रातील काँक्रीटमध्ये, काम सामान्य प्रतीचे असेल तर, क्षार सळईपर्यंत पोहोचून तडे बाहेर दिसू लागण्याचा काळही पंधरा ते तीस वर्षांच्या आसपास येतो. म्हणजे कंपनीने उत्पन्नाची वर्षे वापरावीत आणि दुरुस्तीची वर्षे सुरू होता होता वास्तू सरकारच्या हवाली करावी, असा योग कराराच्या कागदावर अनायासे जुळून येतो. तो टाळायचा असेल तर करारात दोन कलमे हवीत. दर पाच वर्षांनी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून काँक्रीटचे नमुने काढून क्षार किती खोल गेले आहेत हे मोजावे, आणि तो अहवाल सर्वांना वाचावयास खुला असावा, डहाणूच्या मच्छीमारांनाही. दुसरे, मुदतीच्या शेवटच्या दहा वर्षांत, त्या मोजणीवरून ठरेल तेवढी रक्कम कंपनीने अनामत ठेवावी आणि वास्तू तपासून घेतल्यावरच ती परत मिळावी. भाड्याचे घर सोडताना साधा भाडेकरूदेखील एवढे करतो.